सांजवेळेचा उजेड आणि लेन्सचा हिशेब

अंजनवेलच्या दीपगृहापाशी उभे राहिले की वाशिष्ठी नदीचे मुख, पलीकडच्या तीरावरचे दाभोळ आणि समोर पसरलेला अरबी समुद्र एकाच नजरेत येतो. जवळच टाळकेश्वराचे मंदिर आहे आणि तुळाजी आंग्रे यांची आठवण सांगणारा गोपाळगडही याच गावात आहे. सुट्टीत गुहागरला आलेली कुटुंबे सूर्यास्त पाहण्यासाठी येथे आवर्जून येतात. सूर्य बुडेपर्यंत साध्या मोबाइलवरही छायाचित्रे सुरेख निघतात. खरी परीक्षा त्यानंतरच्या अर्ध्या तासात असते. खाडीत परतणारी होडी किंवा माडावर विसावणारी घार टिपावी, तर घरी आल्यावर चित्र काळवंडलेले आणि हललेले निघते. दोष हाताचा नसतो, कॅमेऱ्याचाही बहुधा नसतो. तो लेन्सच्या तोंडातून आत येणाऱ्या उजेडाचा असतो.

ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवते ती अंजनवेलपासून जवळच असलेल्या गुहागरच्या किनाऱ्यावर. हिवाळ्यात येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी अंडी घालण्यासाठी येतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्यापासून ती वाचावीत म्हणून संरक्षित कुंपणात हलवली जातात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि उन्हाचा ताप टाळून सकाळी किंवा सायंकाळी समुद्राकडे सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सुरू केलेल्या कासव संवर्धनामुळे रत्नागिरी जिल्ह्याचे हे वैभव महाराष्ट्रभर पोहोचले. २०२२ साली गुहागरच्या कासविणींना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांच्या प्रवासाचा मागही घेण्यात आला.

पिल्लू वाळूवरून पाण्याकडे निघते ते क्षितिजावरच्या उजेडाच्या खुणेने. म्हणून तेथे फ्लॅश चालत नाही, विजेरी चालत नाही आणि दोरीच्या पलीकडे पाऊलही टाकता येत नाही. उजेड अपुरा, अंतर ठरलेले आणि कृत्रिम प्रकाशाला मनाई, अशा तिहेरी अटीत चित्र घ्यायचे, तर दूरचे जवळ आणणारी आणि तरीही भरपूर उजेड आत घेणारी लेन्स लागते. दुकानात अशा लेन्सची किंमत ऐकली की मध्यमवर्गीय उत्साह तेथेच मावळतो. वास्तविक थोडा हिशेब मांडला, तर मार्ग निघतो.

किंमत कशाची?

लेन्सवर ‘एफ’ या अक्षरापुढे जो आकडा असतो, तो एक साधा भागाकार आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला या आकड्याने भागले की उजेड आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. २०० मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ असेल, तर हा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर. तीच एफ २.८ असेल, तर सुमारे ७१ मिलिमीटर. ४०० मिलिमीटरला एफ २.८ हवे असेल, तर १४३ मिलिमीटर. व्यास दुप्पट झाला की काचेचे क्षेत्रफळ चौपट होते. काच, वजन आणि किंमत का वाढते, याचे उत्तर या भागाकारात आहे. ग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः उजेडाचे.

समजा, कॅमेऱ्यासोबत मिळालेली ५५-२५० मिलिमीटरची लेन्स हाताशी आहे आणि सायंकाळी एफ ५.६ वर शटरचा वेग सेकंदाचा साठावा भाग इतका मिळतो आहे. २०० मिलिमीटरवर हात स्थिर राहण्यासाठी लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याला किमान तीनशेवा भाग हवा. म्हणजे चित्र हलणारच. एफ २.८ ची लेन्स त्याच उजेडात अडीचशेव्या भागाच्या आसपास नेऊन ठेवते. एफ १.८ ची लेन्स पाचशेव्या भागाच्याही पुढे जाते. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा हाताची थरथर सावरते, परंतु चालणाऱ्या पिल्लाची हालचाल ती थांबवू शकत नाही. तेथे उजेडच लागतो.

चार पर्याय

पहिला आणि सर्वांत किफायतशीर पर्याय म्हणजे ८५ मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स. कॅनन, निकॉन आणि सोनी या तिन्ही कंपन्यांनी ती बनवली आहे. झूम नसल्याने ती हलकी आणि तुलनेने स्वस्त असते. पाच मीटर अंतरावरून ती लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात सुमारे १.४ मीटर रुंदीचा वाळूचा पट्टा घेते. पिल्लाची पाठ जेमतेम चार सेंटिमीटर असल्याने एकट्या पिल्लाचे मोठे चित्र मिळणार नाही. पण ओली वाळू, लाटेचा फेस आणि त्या दिशेने निघालेली पाच-सहा पिल्ले हे चित्र फार सुंदर येते. घरातील लग्नकार्य, मुलांचे नाट्यप्रयोग आणि मंदिरातील सायंकाळची आरती यांनाही हीच लेन्स वर्षभर उपयोगी पडते.

दुसरा पर्याय म्हणजे जुन्या पिढीतील झूम नसलेल्या लेन्स. कॅननची २०० मिलिमीटर एफ २.८ आणि निकॉनची १८० मिलिमीटर एफ २.८ या वापरलेल्या स्थितीत मिळतात. २०० मिलिमीटरमध्ये त्याच पाच मीटरवरून चौकट सुमारे ६० सेंटिमीटरची होते आणि पिल्लू नजरेत भरते. मात्र निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्यातही मोटर नसेल, तर फोकस हातानेच साधावा लागतो. खरेदीपूर्वी आपल्या कॅमेऱ्याशी जोडी जुळते का, हे पाहणे अगत्याचे आहे.

तिसरा पर्याय ७०-२०० मिलिमीटर एफ २.८ ही व्यावसायिकांची आवडती झूम लेन्स. टॅमरॉन किंवा सिग्मा कंपनीची घेतल्यास खर्च कमी होतो, तरी तो लहान नसतो. येथे व्यापाऱ्याचा नेहमीचा प्रश्न विचारावा: वर्षात किती दिवस वापर होणार? खरेदीच्या किमतीतून चार वर्षांनी येऊ शकणारी विक्रीची रक्कम वजा करावी, त्यात दुरुस्ती, विमा आणि अडकलेल्या रकमेवरील व्याज मिळवावे. आलेला आकडा वापराच्या एकूण दिवसांनी भागावा. शहरात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. भाडे या आकड्यापेक्षा कमी असेल, तर लेन्स भाड्याने घेणेच शहाणपणाचे. वर्षातून चार दिवस कोकणात जाणाऱ्याने भांडवल कपाटात कोंडून ठेवण्यात अर्थ नाही.

चौथा पर्याय म्हणजे १५०-६०० मिलिमीटरसारखी लांब पल्ल्याची लेन्स. दुपारच्या उन्हात पक्ष्यांसाठी ती उत्तम. तथापि तिचे तोंड एफ ६.३ पर्यंत आक्रसते, त्यामुळे सांजवेळी ती निरुपयोगी ठरू शकते. टेलिकन्व्हर्टर लावून पल्ला वाढवण्याचा मोहही टाळावा. १.४ पटीचा कन्व्हर्टर उजेड निम्मा करतो आणि दुपटीचा पाव करतो.

जुनी लेन्स घेताना

वापरलेल्या लेन्समध्ये एका बाजूने विजेरी धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी होय. ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी नाकारावी. धुरकट थर, ॲपर्चरच्या पात्यांवरील तेल आणि फोकसच्या कड्याचा खरखरीतपणा तपासावा. आपल्या कॅमेऱ्यावर लावून संपूर्ण उघड्या ॲपर्चरवर दहा-बारा चित्रे घ्यावीत व ती संगणकावर मोठी करून पाहावीत. अनुक्रमांकासह बिल मागावे. बाहेरच्या काचेवरचा बारीकसा ओरखडा चित्रात बहुधा उमटत नाही. उलट तो किंमत कमी करण्यास साहाय्य करतो.

कोकणातील दमट हवा बुरशीला पोषक आणि खारा वारा धातूला मारक असतो. किनाऱ्यावरून परतल्यावर लेन्स मऊ कापडाने पुसावी आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. चामड्याच्या बंद पिशवीत पावसाळाभर ठेवलेली लेन्स दिवाळीत बुरशीसह बाहेर निघते.

अखेर लेन्स कोणतीही असो, किनाऱ्यावर जाण्यापूर्वी एक काम घरीच उरकावे. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि फोकससाठी आपोआप लागणारा छोटा दिवा, दोन्ही बंद करावेत. त्या दिव्याचे अनेकांना स्मरणच राहत नाही आणि ऐन वेळी तो पिल्लाच्या डोळ्यांवर पडतो. मागचा पडदाही मंद करावा, आयएसओ वाढवावा, चित्रात थोडे दाणे आले तरी चालतील. संगणकावर ते बरेच कमी करता येतात; वाट चुकलेल्या पिल्लाच्या बाबतीत अशी दुरुस्ती करता येत नाही. आणि उजेड खरोखरच संपला, तर कॅमेरा पिशवीत ठेवून दोरीपाशी मुलांच्या शेजारी बसावे. चार सेंटिमीटरचा तो जीव पहिल्या लाटेत शिरताना डोळ्यांनी पाहण्यासाठी कोणतीही लेन्स लागत नाही.