जीवनसत्त्वे, त्वचाप्रसाधनांतील

जीवनसत्त्वे, त्वचाप्रसाधनांतील : त्वचेवर लावावयाच्या क्रीम, लोशन, सीरम इ. प्रसाधनांत मिसळलेली जीवनसत्त्वे किंवा त्यांची अनुजाते. आहारातील जीवनसत्त्वे रक्तावाटे त्वचेपर्यंत पोहोचतात. प्रसाधनातील जीवनसत्त्वाला मात्र बाहेरून आत शिरावे लागते. त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर (शृंगस्तर) बहुतेक ठिकाणी मिमी.च्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असला, तरी परकीय द्रव्यांना अडविणे हेच त्याचे कार्य होय. सु. ५०० हून अधिक रेणुभाराचे पदार्थ त्यातून सहसा पार होत नाहीत. बहुतेक जीवनसत्त्वांचे रेणू याहून लहान असतात. पण ते बाटलीत टिकतात काय, कोणत्या रूपात आणि किती प्रमाणात आहेत, यांवर उपयोग अवलंबून असतो. वेष्टनावर छापलेल्या नुसत्या नावावरून यांपैकी काहीच कळत नाही.

सर्वांत भक्कम पुरावा अ जीवनसत्त्वाच्या गटाविषयी आहे. या गटातील रेटिनॉइक अम्ल (ट्रेटिनॉइन) हे अमेरिकेत १९७१ मध्ये तारुण्यपीटिकांवरील औषध म्हणून मान्य झाले. उन्हाने जीर्ण झालेली त्वचा त्याने सुधारते, असे ॲल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. ते पेशींच्या केंद्रकातील ग्राहींशी जोडले जाऊन कोलॅजेनाची निर्मिती वाढविते आणि कोलॅजेन तोडणाऱ्या एंझाइमांना आवर घालते. ते औषध असल्याने प्रसाधनांत त्याऐवजी रेटिनॉल वापरतात. त्वचेत दोन टप्प्यांत त्याचे रेटिनॉइक अम्ल होते. त्यामुळे परिणाम सौम्य असतो व तो दिसण्यास काही महिने लागतात. त्वचा लाल होणे, कोरडी पडणे व सोलणे हे त्रास प्रारंभी होतात. सावळ्या त्वचेत अशा दाहाचेच पुढे काळे डाग उरू शकतात. प्रकाशाने रेटिनॉलाचे विघटन होत असल्याने ते रात्री लावतात. गर्भारपणी हा गट वर्ज्य करावा. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्यावरील व हातांवरील प्रसाधनांत रेटिनॉलाची कमाल मर्यादा ०·३% ठरविली.

क जीवनसत्त्व (ॲस्कॉर्बिक अम्ल) कोलॅजेनाच्या जडणघडणीस आवश्यक असून जंबुपार किरणांनी निर्माण होणारी मुक्त मूलके ते निष्प्रभ करते. परंतु ते अत्यंत अस्थिर आहे. विद्राव पुरेसा अम्लीय (पीएच मूल्य ३·५ पेक्षा कमी) असला, तरच ते त्वचेत नीट शिरते आणि हवा व उजेड लागताच त्याचे ऑक्सिडीकरण होऊ लागते. पिवळट-तपकिरी झालेल्या सीरमाचा फारसा उपयोग उरत नाही, मग त्याची किंमत कितीही असो. ई जीवनसत्त्वाच्या जोडीने क जीवनसत्त्वाचे संरक्षक कार्य वाढते. केवळ ई जीवनसत्त्व चोळून व्रण नाहीसे होतात, ही समजूत मात्र १९९९ मधील एका अमेरिकन चाचणीत टिकली नाही, उलट सु. एक-तृतीयांश रुग्णांना त्याने त्वचादाह झाला.

ब-समूहातील निकोटिनामाइड (नियासिनामाइड) गाजावाजा कमी असूनही अधिक भरवशाचे आहे. ते स्थिर असून २ ते ५% प्रमाणात बहुतेकांना सोसते. त्याने शृंगस्तरातील सेरामाइडे वाढून त्वचेतील ओलावा टिकतो. तसेच रंजकपेशींतील मेलॅनिनाचे कण शेजारच्या पेशींत जाण्यास अडथळा होतो व डाग हळूहळू फिके होतात. पँथेनॉल हे ब-समूहातीलच एका जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य मुख्यत्वे ओलावा राखते. ड-२, ड-३ व के-१ ही जीवनसत्त्वे प्रसाधनांत घालण्यास यूरोपीय संघात बंदी आहे.

यांपैकी कोणतेही जीवनसत्त्व उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमाची जागा घेत नाही. भारतात गोरेपणाच्या आशेने ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन व स्टेरॉइड यांचे मिश्रण क्रीम म्हणून परस्पर विकत घेऊन महिनोन्‌महिने लावले जाते. त्याने आरंभी येणारा उजळपणा जीवनसत्त्वाचा नव्हे. पुढे त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम थांबविताच दाह उसळतो. अशा रुग्णांवरील उपचार महिनोन्‌महिने चालतात.