गवताळ पाण्यातली मरळ

मराठवाड्याच्या जलाशयांत रोहू आणि कटला मोकळ्या, खोल पाण्यात फिरतात. मरळ राहते ती काठालगतच्या उथळ, गवताळ पाण्यात. नांदेडजवळ गोदावरीवर असलेला विष्णुपुरीचा जलाशय, मन्याड नदीवरची लिंबोटी आणि बारूळची धरणे, उदगीर तालुक्यातला तिरू प्रकल्प अशा ठिकाणी पावसाळ्यात फुगवटा आजूबाजूच्या सखल जमिनीवर पसरतो. तिथे पाणी गुडघ्याएवढे किंवा कमरेएवढे असते. तळाला गाळ साचलेला असतो आणि लव्हाळा, पानकणीस, बेशरम पाण्यात उभी असतात. मरळ पकडायची तर आधी ही जागा ओळखता यावी लागते.

गवतात लहान मासे, कोळंबी, बेडूक आणि पाणकिडे आसऱ्याला येतात आणि त्यांच्या मागावर मोठा शिकारी मासा येतो. हा नियम समुद्रालाही लागू आहे. अमेरिकेच्या मेक्सिको आखाती किनाऱ्यावर सागरी गवताच्या उथळ पट्ट्यांत रेडफिश आणि ठिपकेदार ट्राउट नेमके याच कारणाने मिळतात. गोड्या पाण्यात मात्र गवताची एक अडचण असते. रात्रभर वनस्पतींचे श्वसन चालू राहते आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू बराच कमी होतो. इतर मासे तेव्हा मोकळ्या पाण्याकडे सरकतात. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी असते. ती पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेते आणि म्हणून गवत सोडून जात नाही.

या भागात मुख्यतः दोन जातींना महत्त्व आहे. पट्टेदार मरळीच्या अंगावर तिरपे गडद पट्टे असतात. फुलमरळ एक मीटरहूनही लांब वाढते. तिच्या शेपटीच्या मुळाशी कडा असलेला डोळ्यासारखा ठिपका असतो. दोन्हींचे डोके सापासारखे चपटे, तोंड मोठे आणि दात तीक्ष्ण असतात. मरळ पाठलाग फारसा करत नाही. ती झाडोऱ्यात दबा धरून बसते आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालते.

गळाने मरळ धरण्याची रीत या सवयीवरच बेतलेली आहे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काठावर न बोलता उभे राहून पाणी न्याहाळावे लागते. वारा नसताना एखादी लव्हाळी हलली किंवा पृष्ठभागावर हलकेच बुडबुडा फुटला, तर खाली मरळ असण्याची शक्यता असते. माणसाची सावली पाण्यावर पडली की ती सरकते. लांब बांबूच्या काठीला मजबूत दोरी बांधून गळाला लहान मासा किंवा गांडूळ लावतात आणि गवतातल्या मोकळ्या फटीत अलगद सोडतात. हौशी मंडळी हल्ली रबरी बेडूक वापरतात. त्याचा गळ अंगालगत दडलेला असल्याने तो गवतात अडकत नाही. बेडूक पाण्यावरून थांबत थांबत ओढला की मरळ खालून झेपावते. लगेच हिसका दिला तर आमिष तिच्या तोंडातून सुटते; तिने ते घट्ट धरेपर्यंत क्षणभर थांबून मग काठी उचलतात. त्यानंतर दोरी सैल पडू देत नाहीत, कारण मरळ थेट झाडोऱ्यात घुसते आणि दोरी गुंतवते.

पकडल्यावर ओली ठेवली तर मरळ बराच वेळ जिवंत राहते, म्हणून ती बाजारात जिवंतच विकता येते. काटे कमी आणि मांस घट्ट असल्याने तिला भावही चांगला मिळतो. शेजारच्या तेलंगणाने तर तिला राज्य मासा ठरवले आहे.

मरळीचा विणीचा हंगाम पावसाळ्यात येतो. नर आणि मादी गवतात गोलाकार जागा साफ करतात. तेलाच्या थेंबामुळे अंडी तरंगतात आणि एक-दोन दिवसांत फुटतात. नारिंगी-तांबूस पिलांचा घोळका पृष्ठभागावर लाटेसारखा खालीवर होत फिरतो आणि आई-बाप त्याच्या खालून राखण करतात. या काळात मरळ धरणे सर्वांत सोपे असते. घोळक्यात आमिष पडले की राखणारी मरळ भूक नसतानाही त्यावर तुटून पडते. पण ती गेली की पिले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी पडतात आणि एका माशापायी अख्खी वीण जाते. म्हणून तांबूस घोळका दिसला की तिथे गळ टाकू नये.

या प्रदेशात हे पथ्य अधिकच मोलाचे आहे. 2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तळे असे आटले की रोहू-कटला जगत नाहीत. पट्टेदार मरळ ओल्या चिखलात काही काळ तग धरते आणि पुन्हा पाणी भरल्यावर उरलेल्या जोड्यांपासूनच तिची संख्या वाढते. जलाशयांत सोडल्या जाणाऱ्या बोटुकल्यांत मुख्यतः रोहू, कटला आणि मृगळ असतात; मरळीला नैसर्गिक विणीचाच आधार आहे. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास 1897च्या भारतीय मत्स्य कायद्याने बंदी आहे, कारण त्यात मोठ्या माशाबरोबर पिलेही मरतात. तलाव ठेक्याने घेतलेला असेल, तर गळ टाकण्यापूर्वी तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्यावी.