चेन कुठे लपवली?

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. त्यातला कॅप्टन कर्कचा सदरा एकदा नीट निरखून पाहावा. गळ्याशी काळी पट्टी, मनगटावर हुद्दा सांगणाऱ्या सोनेरी पट्ट्या, छातीवर बाणाच्या टोकासारखे चिन्ह. बाकी काहीच नाही. बटण नाही, काज नाही, खिसा नाही, चेन दिसत नाही. हा सदरा डोक्यातून घालावा तर गळा तेवढा मोठा नाही, पुढून घालावा तर उघडायला जागा नाही. माणूस त्यात शिरला कसा, हे पडद्याकडे पाहून कळतच नाही. विज्ञानकथांच्या पडद्यावरील गणवेशांची चर्चा बहुधा रंग, चिन्हे आणि विचित्र आकार यांवरच होते. माझे म्हणणे असे की या गणवेशांचे खरे कौशल्य त्या न दिसणाऱ्या उघडझापीत आहे. कपडा कुठे बंद होतो हे लपले की तो आपल्या काळातला वाटत नाही. आणि ते लपवण्याची किंमत कधी शिवणाऱ्याला, तर कधी घालणाऱ्याला मोजावी लागते.

मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांना पुढच्या शतकांतल्या कपड्यांवर बटणे आणि चेन दिसायला नको होत्या. वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी त्यासाठी रॅग्लन बाहीचा आधार घेतला. नेहमीच्या शर्टात बाही खांद्याच्या टोकाला, मुंढ्याच्या गोलाईत जोडतात. रॅग्लन बाहीत मुंढा असा वेगळा राहत नाही. बाहीचे कापड थेट गळ्यापर्यंत जाते आणि शिवण गळ्यापासून काखेकडे तिरकी उतरते. ती शिवण तिथे असणारच, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. थाइस यांनी चेन नेमकी तिच्यात दडवली. ऐकायला सोपे वाटते, पण ज्याने कधी शिलाई मशीनवर चेन लावली आहे त्याला यातली अडचण लगेच कळेल. तिरकी शिवण म्हणजे उरेब कापलेल्या कडा, आणि उरेब कड हाताळता हाताळता वाढते. चेनची पट्टी मात्र तसूभरही ताणत नाही. वाढणारे कापड न वाढणाऱ्या पट्टीला जोडले की शिवण लाटांसारखी उठते आणि लपवलेली चेन सगळ्यांना दिसते. म्हणून आधी कडेला आतून पट्टी लावून ती पक्की करायची, मग हाताने कच्चा धावदोरा घालायचा, मग मशीनची टीप, आणि शेवटी दोन्ही कडा एकमेकींवर अशा बसवायच्या की मध्ये फट राहू नये.

त्यात पहिल्या दोन पर्वांतले सदरे वेलूरचे होते. वेलूर म्हणजे मखमलीसारखी लव असलेले, पण होजिअरीसारखे विणलेले, ताणणारे कापड. अशा दोन लवदार थरांवर टीप मारताना वरचा थर खालच्यावरून सरकतो. लवेला दिशाही असते. तिच्यावरून हात एका बाजूने फिरवला तर कापड उजळ दिसते, उलट फिरवला तर गडद. त्यामुळे पाठ, पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या एकाच दिशेने बेतल्या नाहीत, तर एकाच ताग्यातून शिवलेला सदरा दोन रंगांचा दिसतो. सगळे तुकडे एकाच दिशेने मांडायचे म्हणजे कापडही जास्त लागते.

इथे पहिला आक्षेप येतो. या मालिकेकडे पैसे बेताचे होते, तेव्हा तो साधा सदरा काटकसरीतून आला असेल. त्याला कसली कलाकुसर म्हणायची? पैसे कमी होते हे खरेच. पण काटकसर हाच हेतू असता तर पुढे चार बटणे लावणे सर्वांत स्वस्त पडले असते. लपवलेल्या चेनला बटणांपेक्षा जास्त वेळ लागतो. वेलूरनेही पैसे वाचवले नाहीत. चित्रीकरणाच्या कडक दिव्यांखाली दिवसभर घातलेले कपडे पुन्हा पुन्हा ड्रायक्लीनला द्यावे लागत आणि दर धुलाईला वेलूर आटे. नटांच्या अंगावर सदरे घट्ट होत गेले, आखूड होत गेले. शेवटी तिसऱ्या पर्वासाठी वेलूर सोडून नायलॉनचे जाड, दुहेरी विणीचे कापड घेतले गेले. ते आटत नव्हते. आज दोन्ही कापडांची दृश्ये शेजारी ठेवून पाहिली तर फरक सहज कळतो. वेलूरवर प्रकाश मऊ पडतो आणि खांद्याच्या वळणावर सावली धरते, तर नायलॉन सपाट, काहीसे कोरडे दिसते. माझ्या मते पहिला सदरा अधिक देखणा होता आणि दुसरा अधिक शहाणा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांच्या लक्षात राहिले ते रंग: सोनेरी म्हणजे नेतृत्व, निळा म्हणजे विज्ञान, लाल म्हणजे अभियांत्रिकी आणि सुरक्षा. एनबीसीची मालकी आरसीए या कंपनीकडे होती आणि आरसीए रंगीत दूरचित्रवाणी संच विकत होती. तेव्हा भडक रंगांमागे व्यापाराचा विचारही होता. सुरुवातीच्या चाचणी भागांतले गणवेश त्या मानाने फिकट होते. मग गणवेशाचा प्राण रंगातच नाही का? पण हा रंग वेशभूषाकाराच्या ताब्यात पूर्णपणे नव्हताच. कॅप्टनचा तो प्रसिद्ध सोनेरी सदरा प्रत्यक्षात हिरवा होता, कच्च्या लिंबाकडे झुकणारा. वेलूरची लव, स्टुडिओतले दिवे आणि त्या वेळची फिल्म या तिघांनी मिळून तो पडद्यावर सोनेरी केला. थाइस यांनी पुढे स्वतः हे स्पष्ट केले आहे. याचा पुरावा मालिकेतच आहे. काही भागांत कर्क एक आडवा गुंडाळून बांधायचा वेगळा सदरा घालतो. त्याचे कापड निराळे होते, म्हणून तो पडद्यावरही हिरवाच दिसतो. १९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पुढची मालिका आली तेव्हा तर रंगांची अदलाबदल झाली: कॅप्टनला लाल आला आणि अभियंत्यांना सोनेरी. तरी पाहणाऱ्याला गणवेश ओळखू आला. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखवले जाई, तेव्हा देशात रंगीत प्रक्षेपण सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता आणि बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते. त्या घरांत ना सोनेरी पोहोचला, ना लाल. ती माणसे दुसऱ्या काळातली आहेत हे मात्र पोहोचले, आणि ते पोहोचवले कापडाच्या त्या अखंड, विनाबटणाच्या पृष्ठभागाने.

तिसरा आक्षेप वास्तवाचा आहे. खऱ्या अंतराळवीरांच्या कपड्यांवर चेन, पट्टे, कड्या, नळ्या सगळे उघड असते. मग चेन लपवण्यात विज्ञान कुठले? याला उत्तर देण्याआधी त्याच वर्षांतला दुसरा शिवणकक्ष पाहिला पाहिजे. ‘स्टार ट्रेक’ चालू असताना डेलावेअर राज्यात डोव्हर इथे अपोलो मोहिमांचे अंतराळपोशाख शिवले जात होते. ते काम ज्या कंपनीकडे होते तिचा व्यवसाय स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवण्याचा होता. तिथल्या कारागीर बायका शिलाई मशीनवर एकावर एक वीसेक थर जोडत. एक टीप चुकीच्या जागी पडली किंवा एक टाचणी आत राहिली तर चंद्रावरच्या माणसाचा जीव धोक्यात, अशी ती जोखीम होती. खरा पोशाख आपली उघडझाप लपवू शकत नाही, कारण ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते. पडद्यावरच्या गणवेशाला हवा कोंडून धरायची नसते. त्याला एवढेच सांगायचे असते की या लोकांनी आपल्या रोजच्या कटकटी मागे टाकल्या आहेत: बटण तुटणे, चेन अडकणे, खिशात किल्ल्या शोधणे. खिसे नसल्यामुळे नटांची उपकरणे कमरेला वेल्क्रोच्या तुकड्याने चिकटवलेली असत. तेही त्याच हट्टाचे एक रूप.

आकाराने भविष्य दाखवण्याचे प्रयत्न मात्र लवकर शिळे होतात. १९७५ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस : १९९९’ या मालिकेचे गणवेश रूडी गर्नराइख या नामवंत फॅशनकाराने केले होते. स्त्री-पुरुषांना सारखाच फिकट बदामी पोशाख आणि खाते ओळखता यावे म्हणून एकच बाही रंगीत, ही कल्पना सुरेखच होती. पण पायांशी पसरट बेलबॉटम आली आणि त्या चंद्रतळावर १९७० चे दशक कायमचे गोठले.

लपवण्याचा हट्ट किती टोकाला जाऊ शकतो हे १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात दिसते. वेशभूषाकार रॉबर्ट फ्लेचर यांनी रंग करडे-फिके केले आणि बूट पँटच्याच पायाला जोडून टाकले. पँट कुठे संपते आणि बूट कुठे सुरू होतो हे कळूच नये, म्हणून ते बूट हाताने कापून हाताने शिवावे लागले. दिसायला ते नवलाचे होते, पण नटांना ते गणवेश मुळीच आवडले नाहीत. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ साठी पुन्हा फ्लेचरच आले. जुने कपडे फेकून देण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ते रंगवून पाहिले. निळसर करडा, सोनेरी आणि गडद लाल हे तीनच रंग त्या कापडाने नीट धरले, आणि त्यांतून गडद लाल निवडला गेला. वर नौदलाच्या धर्तीचा, छातीवरून आडवा येऊन खांद्याशी मिटणारा भारदस्त कोट आला. त्याच्या आतल्या उंच गळ्यावर उभ्या फुगीर रेघा हव्या होत्या. त्यासाठी दोन थरांना समांतर टिपा मारायच्या आणि मधल्या पन्हळीत पोकळ सुईतून हवेच्या दाबाने मऊ धागा भरायचा, अशी ट्रापुंटो नावाची पद्धत वापरली. तोवर ही यंत्रे आणि सुया दुर्मीळ झाल्या होत्या. फ्लेचर यांना एकच सुई मिळाली. ती मोडेल किंवा हरवेल या धास्तीने शिवणविभागातला एक कारागीर ती घरी घेऊन गेला, आणि इकडे फ्लेचर यांना वाटले की सुई चोरीला गेली. एवढ्या मोठ्या चित्रपटातल्या सगळ्या अधिकाऱ्यांचे गळे एका सुईवर अवलंबून होते.

हा लाल कोट माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड उदाहरण आहे, हे मान्य करायला हवे. त्याची मिटणी उघड दिसते, तरीही तो चाहत्यांचा अत्यंत लाडका ठरला आणि चित्रपटांत दहा वर्षांहून जास्त टिकला. पण तो चित्रपट म्हातारपण, जुने वैर आणि आरमारी शिस्त यांचा होता. त्याला भविष्याइतकाच भूतकाळही दाखवायचा होता, म्हणून कोट कुठे मिटतो हे त्याने मुद्दाम दाखवले. कपडा कुठे बंद होतो यावरून प्रेक्षक काळ ओळखतो, हेच यातून पुन्हा दिसते. इथे तीच खूण उलट्या बाजूने वापरली आहे.

१९८७ मध्ये थाइस परत आले आणि त्यांनी जुना हट्ट नव्या कापडाने पुरा केला. ‘द नेक्स्ट जनरेशन’ च्या पहिल्या दोन पर्वांतला गणवेश म्हणजे स्पँडेक्सचा, मानेपासून घोट्यापर्यंतचा अखंड पोशाख. अंगावर एकही सुरकुती दिसू नये म्हणून तो मापापेक्षा लहान शिवत आणि ताणून बसवत. अशा कापडाचा ताण खांद्यापासून जांघेपर्यंत सतत ओढत राहतो, आणि नटांना तो चित्रीकरणाच्या लांबलचक दिवसांत अंगावर वागवावा लागे. पाठी दुखू लागल्या. हा पोशाख असाच घालत राहिलात तर कायमची इजा होईल, असा इशारा आपल्याला उपचार करणाऱ्याने दिला होता, हे कॅप्टन पिकार्डची भूमिका करणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्ट यांनी मुलाखतींत सांगितले आहे. भविष्य दिसावे म्हणून माणसाच्या पाठीला वेठीस धरणे ही वेशभूषेची चूकच होती, मग ती थाइससारख्या थोर कारागिराची का असेना. १९८९ च्या तिसऱ्या पर्वापासून रॉबर्ट ब्लॅकमन यांनी मुख्य नटांसाठी लोकरीच्या गॅबर्डीनचा, वर-खाली दोन भागांचा गणवेश आणला. लोकरीला वाफेने आकार देता येतो, ती स्वतःच्या वजनाने सरळ पडते आणि अंगाला जखडत नाही. दोन भाग झाल्यामुळे बसताना-उठताना वरचा कोट चढू लागला आणि स्टुअर्ट तो दोन्ही हातांनी खाली ओढू लागले. चाहत्यांनी त्या लकबीलाही पिकार्डचे नाव देऊन टाकले. मागून ये-जा करणाऱ्या, नाव नसलेल्या कलाकारांना मात्र तिसऱ्या पर्वानंतरही जुन्या स्पँडेक्सचेच पोशाख थोडेफार बदलून दिले जात होते.