पिवळ्या तारेचा भार

भाच्याने दीड वर्ष पैसे साठवून गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. ग्राफिक कार्ड कोणतं, प्रोसेसर कोणता, कॅबिनेटला काच कुठल्या बाजूने, सगळं त्याने वहीत लिहून काढलं होतं. वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या पुढे मात्र एवढंच: ‘१००० वॉट, कुठलाही’. ती वही हातात आली आणि तो ‘कुठलाही’ माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी लॅमिंग्टन रोड गाठला.

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी ग्रँट रोड स्टेशनात कुणालाही विचारा, तो लॅमिंग्टनच म्हणेल. खाली दुकानं, वर जिने आणि जिन्यांच्या शेवटी दुरुस्तीच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत जे गृहस्थ बसतात, त्यांना सगळी गल्ली मामा म्हणते. वीसेक वर्षं ते फक्त एसएमपीएस उघडतात. मी वही पुढे केली, तर त्यांनी चष्मा वर सरकवला. “ताई, वॉट राहू द्या. बारा व्होल्टला अँपिअर किती, ते बघा.”

त्यांनी मला दोन डबे दाखवले. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत वॉट छापलेले, पण बाजूच्या बारीक तक्त्यात एकाच्या बारा व्होल्टच्या रकान्यात ८३ अँपिअर होते, दुसऱ्याच्या रकान्यातला आकडा वरच्या वॉटशी कुठेच जुळत नव्हता. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही बारा व्होल्टवरच जगतात, जुन्या डब्यांतल्या पिवळ्या तारेवर. बाकीच्या व्होल्टेजांची बेरीज करून फुगवलेला आकडा गेमच्या कामाचा नाही. मग मामांनी दोन्ही डबे माझ्या हातात दिले. हलका कोणता, ते सांगायची गरज पडली नाही.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पूर्वीच्या उपकरणांत लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. १९७७च्या ॲपल टूसाठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा हलका, कमी तापणारा पुरवठा बसवला. १९८१च्या आयबीएम पीसीला ६३.५ वॉट पुरत होते. १९९५मध्ये इंटेलने एटीएक्सचं माप ठरवून दिलं आणि आजही डबे त्याच मापात येतात. भाच्याच्या यादीतलं आरटीएक्स ५०९० हे कार्ड एकटंच ५७५ वॉटपर्यंत खातं.

मामांनी एक बंद पडलेला डबा उघडला आणि लगेच हात मागे घेतला. आत करंगळीएवढ्या भागांच्या गर्दीत एक जाड काळं नळकांडं उभं होतं: मुख्य कपॅसिटर. प्लग काढून दोन दिवस झाले होते, तरी मामांनी दोन तारा सोडलेला पिवळा बल्ब त्याच्या पायांना टेकवला. काही झालं नाही. “रिकामा आहे. पण विश्वास ठेवायचा नाही.” भिंतीतली २३० व्होल्टची वीज आत आली की ती एकदिश होते, मग चांगल्या डब्यात ती चारशेच्या जवळपास चढवून या नळकांड्यात साठवली जाते. पुढचे स्विच तिचे सेकंदाला हजारो, कधी लाखाच्या घरात तुकडे करतात. इतक्या वेगामुळेच ट्रान्सफॉर्मर काडेपेटीएवढा पुरतो.

मी त्या नळकांड्यापाशी रेंगाळले. आपल्याकडे लाईट क्षणभर मिणमिणते, पंख्याचा आवाज किंचित बदलतो आणि आपण विसरून जातो. वीज पुरती नाहीशी होऊन यूपीएसने सूत्रं हातात घ्यायलाही काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात पडद्यावरचा खेळ चालू राहतो, तो या कपॅसिटरच्या शिदोरीवर. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्यातली १६-१७ मिलिसेकंदं तग धरावा, अशी चांगल्या डब्याकडून अपेक्षा. पैसे वाचवायचे तर सर्वांत आधी हेच नळकांडं बारीक होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून मामा त्याच्या अंगावर १०५ अंश लिहिलंय का, ते भिंग लावून पाहतात. खोक्यावरच्या सोनेरी ‘८० प्लस’ पट्टीने कार्यक्षमता कळते, हेही खरं. पण संरक्षणाची सर्किटं कशी आहेत, याबद्दल ती पट्टी काही बोलत नाही.

दुरुस्त केलेला डबा मामा थेट प्लगला लावत नाहीत. शंभर वॉटचा बल्ब मध्ये जोडतात. बटण दाबलं, बल्ब लख्ख पेटला आणि लगेच मंदावला: कपॅसिटर भरला, आत शॉर्ट नाही. मग हिरवी तार काळीला जोडली आणि पंखा फिरू लागला. इतकी वर्षं होऊनही बल्ब मंदावेपर्यंत मामा श्वास रोखून धरतात, हे मी पाहिलं.

भाच्याच्या बेरजेत चूक नव्हती. कार्डाचे ५७५, आय-नाईन १४९००के प्रोसेसरचे जास्तीत जास्त २५३, बाकीचे सत्तर-ऐंशी. नऊशेच्या आसपास, म्हणून हजार. पण कार्ड वीज एका संथ धारेत मागत नाही, क्षणभर दुपटीनेही उसळतं. २०२२च्या एटीएक्स ३.० मध्ये म्हणूनच १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसण्याची अट आली. त्याच पिढीत सोळा पिनांचा नवा जोडही आला, आणि माझी काळजी तिथेच सुरू झाली.

त्या जोडातून ६०० वॉट जातात, म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांवर वाटलेले. एका पिनेवर आठाच्या वर. पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास. जुन्या आठ पिनांच्या जोडात एका पिनेवर याच्या निम्मा भार असे. आता एखादी पिन सैल बसली तर तिचा वाटा शेजारणींवर पडतो. २०२२च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि काही दिवसांतच वितळलेल्या जोडांचे फोटो दिसू लागले. पुढच्या सुधारित जोडात सूचना देणाऱ्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसल्याशिवाय कार्ड वीज ओढणार नाही. बऱ्याच कार्डांत मात्र सहाही तारा आत शिरताच एक होतात आणि कोणत्या तारेवर किती भार, हे बघणारं कुणी उरत नाही. मामांनी खणातून काढलेल्या प्लगची एक कडा तपकिरी होऊन खाली ओघळली होती. बाकीचा प्लग कोरा होता.

“आणि केबल बदलायची नाही,” ते म्हणाले. सुट्या केबलींचं डब्याकडचं टोक प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने जोडते. टोक बसतं, तारांचा क्रम मात्र वेगळा. एका मुलाने जुन्या डब्याची केबल नव्याला लावली आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जाऊन त्याच्या दोन्ही डिस्क गेल्या, वडिलांच्या फोटोंसकट.

निघताना त्यांनी विचारलं, “घरी अर्थिंग आहे ना?” भाच्याच्या चाळीत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, हे मला ठाऊक होतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून डब्याच्या पत्र्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतली बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, ११५च्या आसपास, लटकत राहतो. त्या मुंग्यांनी माणूस दगावत नाही. पण आतली फेजची तार कधी पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडवायला जमिनीकडची वाटच नसते.

रविवारी आम्ही भाच्याच्या खोलीतला सॉकेट तपासला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगच्या वरच्या मोठ्या भोकात धरला, तर विझलेलाच. झाकण उघडून पाहिलं: मागे हिरवी तारच नव्हती. ८३ अँपिअरचा डबा घरी आलाय, त्याचं सील तसंच आहे. वायरमन गुरुवारी येतो म्हणालाय.