बर्फाचा आखाडा

जालन्याच्या माणसाला लोखंडाचं अप्रूप नसतं. एमआयडीसीच्या रस्त्याला लागलं की भट्ट्यांचा धूर, सळयांनी लादलेले ट्रक आणि रोलिंग मिलमधून लालबुंद होऊन सरपटत बाहेर येणारी सळई, हे सगळं लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं. म्हणूनच नॉर्वेच्या राजधानीत, ऑस्लोच्या टेकडीवर, होल्मेनकोलनची उडीची घसरण पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी नजर बर्फावर ठरलीच नाही. ती पोलादावर खिळली.

मेट्रोची १ नंबरची गाडी वळणं घेत शहरातून वर चढते. झाडांच्या शेंड्यांवरून ती घसरण दिसते: डोंगरातून तिरकी निघालेली आणि टोकाशी आभाळात अधांतरी थांबलेली. सुमारे १००० टन पोलाद त्यात आहे. साठ मीटरांहून लांब भाग खाली एकही खांब न लावता पेललेला आहे. जुनी घसरण २००८ साली पाडली, नवी २०१० साली उभी राहिली. आराखडा ज्युलियन दे स्मेट यांच्या कंपनीचा. बाजूंना पोलादी जाळीच्या उंच भिंती आहेत, कारण इथं वारा आडवा आला तर उडी मारणाऱ्याच्या जिवावर बेततं. लोखंडाला इतकं हलकं दिसायला लावणाऱ्या त्या कारागिरांना मी मनोमन नमस्कार केला.

पण या जागेचा मोठेपणा त्या मनोऱ्यात नाही. तो आधीपासून आहे.

स्की या शब्दाचा जुना अर्थ लाकडाची चिरफळी. बर्फाळ मुलखात पाय रुततात म्हणून माणसानं पायांना फळ्या बांधल्या. शिकारीला, चर्चला, शेजारच्या वस्तीला, सगळीकडे तसंच जायचं. नॉर्वेत रोडोय इथं फळ्यांवर उभ्या असलेल्या माणसाचं खडकात कोरलेलं चित्र आहे, हजारो वर्षांपूर्वीचं. तेव्हा खेळ नव्हता, चालणं होतं. त्याचा खेळ झाला तो तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल या डोंगरी वस्तीत, आणि त्यातलं मोठं नाव सोंद्रे नोरहाइम. जन्म १८२५ चा. स्वतःची जमीन नसलेला, दुसऱ्याच्या रानात राबणारा गरीब माणूस. तोवर स्कीला पायाचा फक्त पुढचा भाग बांधलेला असे, उडी मारली की फळी निसटायची. नोरहाइमनं लवचीक फांद्या पिळून टाचेमागून वेढा घातला आणि फळी पायाला धरून राहिली. त्या एका वेढ्यानं वळणंही शक्य झाली आणि उड्याही. चाळिशी ओलांडल्यावर, १८६८ साली, तो राजधानीतली स्पर्धा जिंकून गेला. पुढे पोटासाठी अमेरिकेत गेला आणि तिथंच, नॉर्थ डाकोटात, १८९७ साली वारला. आजही उडी मारून उतरताना एक पाय पुढे, एक मागे आणि गुडघे वाकवलेले, अशा पवित्र्यात जमिनीवर यावं लागतं. त्या पवित्र्याचं नाव तेलेमार्क. तसं उतरलं नाही तर परीक्षक गुण कापतात. एका भूमिहीन माणसाच्या गावाकडची ढब सगळ्या जगाचा नियम झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

होल्मेनकोलनची पहिली स्पर्धा १८९२ साली झाली. त्याआधी ती शहराजवळच्या हुसेबी टेकडीवर होत असे, पण तिथं बर्फाची टंचाई पडू लागली म्हणून आयोजक उंचावर सरकले. टंचाई म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या वर्षीची सर्वांत लांब उडी २१.५ मीटर. आज त्याच टेकडीवरचा विक्रम १४४ मीटर आहे, रॉबर्ट योहान्सननं २०१९ साली केलेला. मधल्या काळात घसरण पुन्हा पुन्हा बांधली गेली, उंच होत गेली. १९५२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उड्या पाहायला लाखाहून जास्त माणसं या टेकडीवर लोटली होती. २०१८ साली महाराष्ट्र केसरीची लढत जालन्यात झाली, तेव्हा बाला रफिक शेखची कुस्ती पाहायला लोटलेली गर्दी ज्यांना आठवते, त्यांना त्या गर्दीचा जीव कळेल.

मी खाली, उतार संपतो तिथं उभा होतो. वर आडव्या फळीवर बसलेला खेळाडू अंगठ्याएवढा दिसत होता. प्रशिक्षकाचा झेंडा खाली आला, त्यानं फळी सोडली. बर्फात कोरलेल्या दोन खाचा, त्यांत दोन स्की, अंग दुमडून छाती गुडघ्यांवर. काठाशी येईतो वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास गेलेला असतो. मला वाटत आलं होतं की तो काठ वर वळलेला असणार आणि खेळाडूला हवेत फेकत असणार. तसं मुळीच नाही. काठ खालच्या बाजूला झुकलेला असतो, दहा-अकरा अंशांनी. वर उडवणारं तिथं काही नाही. जे काही आहे ते पायांत आहे, आणि तेही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात वापरायचं. लवकर झालं तरी गेलं, उशीर झाला तरी गेलं. मग तो पुढे झुकतो, इतका की नाक स्कीच्या टोकांकडे जातं, आणि दोन्ही स्की इंग्रजी व्हीसारख्या फाकतात. ही पद्धत ऐंशीच्या दशकात यान बोकलव या स्वीडिश खेळाडूनं आणली. दिसायला बेढब म्हणून परीक्षक त्याचे गुण कापत राहिले, तरी १९८९ साली तो विश्वचषक मालिका जिंकला, आणि थोड्याच वर्षांत सगळे त्याच्यासारखे उडू लागले.

तो हवेतून आला तेव्हा कापड फाडल्यासारखा आवाज आला. मग पायाखाली थाप आणि हजार गळ्यांची आरोळी. शंभर मीटरांवर उडूनही तो मोडत नाही, कारण उतार त्याच्या उडीच्या वाटेशी जवळजवळ समांतर कोरलेला असतो. तो जमिनीपासून फार उंच नसतोच. आपल्या आखाड्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मऊ करतात तीही पडणाऱ्याला सांभाळून घेण्यासाठीच. इथं ते काम उताराचा कोन करतो.

या खेळाची एक काळी बाजूही आहे. हलका माणूस लांब उडतो, म्हणून खेळाडू उपाशी राहू लागले. शेवटी २००४ पासून उंचीच्या मानानं वजन कमी भरलं तर स्की आखूड वापरायच्या, असा नियम आला. उपाशी राहून मिळालेली हवा आखूड फळीनं काढून घ्यायची. नियम चांगला आहे. तो आधीच यायला हवा होता.

उडीचं कौतुक सगळे करतात, पण मला जास्त ओढ लागली ती मागच्या रानाची. घसरणीच्या पाठीमागून नूरमार्का नावाचं जंगल सुरू होतं आणि त्यात स्कीच्या वाटा. इथली ५० किलोमीटरची शर्यत हा त्या खेळातला मानाचा टप्पा. चढावर स्की मागे सरकू नये म्हणून तळपायाखाली चिकट मेण, घसरावी म्हणून पुढच्या-मागच्या भागाला गुळगुळीत मेण. बर्फ ओला की कोरडा, नवा की जुना, त्यावर मेण ठरतं. चुकीचं मेण लागलं तर चांगल्या खेळाडूच्या पायालाही दगड बांधल्यासारखं होतं. स्त्रियांना ५० किलोमीटरची दारं इथं २०२३ साली उघडली. उडीत तर त्याहून वाईट. १९३८ साली नॉर्वेची योहान्ने कोल्स्ताद अमेरिकेत ७२ मीटर उडाली होती, पण मायदेशातल्या स्पर्धांत तिच्यासाठी जागा नव्हती, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची उडी आली ती थेट २०१४ साली. नव्या घसरणीवरून अधिकृत पहिली उडी मारायचा मान २०१० साली लोकांच्या मतांनी आनेत्ते सागेनला मिळाला. ती स्त्रियांच्या उडीसाठी वर्षानुवर्षं भांडली होती. लोकांनी हिशोब चुकता केला, असं मी मानतो.

रानातल्या या वाटा राखते स्कीफोरेनिंगेन ही संस्था, १८८३ साली स्थापन झालेली. होल्मेनकोलनचं स्की संग्रहालयही तिचंच, १९२३ पासूनचं. आमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेचं सामान तिथं आहे. संस्थेची यंत्रं थंडीत पहाटेपासून रानात फिरून बर्फ दाबतात आणि त्यात खाचा पाडतात. वाटेवर तिकीट नाही. कुणीही स्की बांधायची आणि निघायचं. घाणेवाडी तलावातला गाळ काढायला जालन्याची माणसं एकत्र आली, तेव्हा जी भावना होती, तीच इथं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे: आपलं आहे, म्हणून आपण राखायचं.

आपल्याकडे उडीची मोठी घसरण नाही, पण बर्फावरची दौड आहे. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये लष्करातला जगदीश सिंग १५ किलोमीटरच्या शर्यतीत भारतातर्फे धावला. आणि कर्नाटकातल्या कोडगूची, जिथं कधी बर्फ पडत नाही तिथली, भवानी नंजुंडा गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत सुवर्णपदकं मिळवते. मराठवाड्याच्या एखाद्या पोरीनं हे वाचावं, एवढी माझी इच्छा आहे.

टेकडीवर पाचव्या ओलाव राजाचा पुतळा आहे, पायांत स्की आणि शेजारी कुत्रा. राजपुत्र असताना १९२२ आणि १९२३ साली तो याच घसरणीवरून उडाला होता. १९७३ साली तेलाचा तुटवडा पडला आणि रविवारी मोटारी बंद झाल्या, तेव्हा तो स्की घेऊन सगळ्यांसारखा ट्रामनं डोंगरावर गेला. मी परत निघालो तेव्हा त्याच मार्गावरची गाडी खालून वर येत होती. दार उघडलं. पाठीवर दप्तर आणि हातात स्की घेतलेली दहा-बारा वर्षांची पोरं उतरली आणि दिवे लागलेल्या वाटेनं रानात शिरली.