हौशी सायकलपटूचा साप्ताहिक दीर्घ सराव आणि धावणे : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नोकरी किंवा व्यवसाय सांभाळून, आर्थिक लाभाची अपेक्षा न ठेवता नियमित सायकल चालविणाऱ्या व्यक्तीस हौशी सायकलपटू म्हणता येईल. अशा व्यक्तीच्या सरावाचा मुख्य भार स्वाभाविकपणे शनिवार व रविवार या दोन दिवसांवर येतो. महाराष्ट्रात या वर्गाने गेल्या काही वर्षांत लक्षणीय कामगिरी केली आहे. नाशिक येथील डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा द्विसदस्य संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या विहित मुदतीत पूर्ण केली. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून अधिक लांबीची टप्प्यांची स्पर्धाही त्यांनी पार केली. हे तिघेही वैद्यकीय व्यवसायातील आहेत, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

अशा उदाहरणांपासून प्रेरणा घेऊन अनेक जण सायकलकडे वळतात आणि थोड्याच काळात सायकलीला धावण्याची जोड देतात. मात्र आठवडाभराच्या व्यायामाची उणीव एकाच रविवारी भरून काढण्याचा मोह येथे होतो व दुखापतीचा आरंभही बहुधा येथेच होतो. शरीराचे सर्व घटक एकाच गतीने सक्षम होत नाहीत. हृदय लवकर तयार होते, हाडे व कंडरा उशिरा. सरावाचे नियोजन या फरकावर आधारलेले असावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आठवड्याअखेरच्या व्यायामाची उपयुक्तता

केवळ दोन दिवसांच्या व्यायामाने काही साध्य होते काय, हा प्रश्न प्रथम विचारात घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा तीव्र व्यायाम सुचविला आहे. इंग्लंड व स्कॉटलंडमधील सुमारे ६३ हजार प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिफारशीइतका व्यायाम आठवड्यातील एक-दोन दिवसांतच करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण निष्क्रिय व्यक्तींच्या तुलनेत सुमारे ३० टक्के कमी असल्याचे त्यात आढळले. असा अभ्यास कार्यकारणसंबंध सिद्ध करीत नाही. तरीही वेळेअभावी आठवड्याअखेरीसच व्यायाम करणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. प्रश्न व्यायाम दोन दिवसांत करण्याचा नाही. त्या दोन दिवसांत अंतर अचानक किती वाढविले जाते, याचा आहे.

दीर्घ सफर : स्वरूप व शरीरशास्त्र

हौशी सायकलपटूंच्या दीर्घ सफरींना ‘ब्रेव्हे’ या प्रकाराने निश्चित चौकट दिली आहे. पॅरिस येथील ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास व ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. एकाच हंगामात ही चारही अंतरे पूर्ण करणाऱ्यास ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. येथे क्रमांक दिले जात नाहीत. मुदतीत पोहोचणे एवढेच अपेक्षित असते. विश्रांती, जेवण व पंक्चर काढण्याचा वेळ धरून ताशी सुमारे १५ किलोमीटरचा वेग त्यास पुरतो. म्हणजेच दीर्घ सफर ही वेगापेक्षा सातत्याची परीक्षा होय.

सरावही याच तत्त्वाने, म्हणजे संथ गतीने व्हावा लागतो. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतका श्रम ही त्याची सोपी कसोटी आहे. अशा श्रमात शरीर चरबीचा इंधन म्हणून अधिक वापर करते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील तंतुकणिकांची संख्या व क्षमता वाढते. वेग वाढविण्याची किंमत मात्र मोठी असते. सपाट रस्त्यावर हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग ताशी २० वरून ३० किलोमीटर केल्यास ही शक्ती सुमारे ३.४ पट लागते. जो सायकलपटू पहिल्या तासात वेगाची हौस भागवितो, त्यास सहाव्या तासात तिचा हिशेब चुकता करावा लागतो.

धावणे : हृदय पुढे, हाडे मागे

सायकलपटूने धावण्यास आरंभ केल्यावर एक फसवा अनुभव येतो. पहिल्याच दिवशी धाप लागत नाही व पाच-सहा किलोमीटर सहज जमतात. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरणेही कठीण होते. याचे कारण दोन्ही व्यायामांच्या यांत्रिकीत आहे. पायडल मारताना मांडीचे स्नायू मुख्यतः आकुंचन पावत बल निर्माण करतात. धावताना पाऊल जमिनीवर टेकले की तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना या ताणामुळे सूक्ष्म इजा होते व २४ ते ७२ तासांत वेदना जाणवते. ही वेदना तात्पुरती असते.

हाडांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट व हँडल यांवर असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट बल पायावर येते. पाच किलोमीटर धावण्यात पावलांची संख्या साधारणतः पाच हजारांच्या वर जाते. केवळ सायकल चालविणाऱ्यांच्या हाडांना अशा आघातांची सवय नसते. रस्त्यावरील सायकल शर्यतींत भाग घेणाऱ्या खेळाडूंच्या कण्याच्या हाडांची घनता तुलनेने कमी असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. या दृष्टीने सायकलपटूसाठी धावणे हा उपयुक्त पूरक व्यायाम आहे. परंतु तो बेताने केला तरच.

सरावास प्रतिसाद देण्याचा प्रत्येक घटकाचा काळ भिन्न असतो. रक्तद्रवाचे प्रमाण काही दिवसांत वाढते, स्नायूंतील चयापचय काही आठवड्यांत सुधारते, कंडरा बळकट होण्यास काही महिने जातात. हाडात प्रथम जुना भाग झिजविला जातो व नंतर नवा भाग बांधला जातो. या पुनर्रचनेच्या एका चक्रास साधारणतः तीन ते चार महिने लागतात. झीज झाली आहे पण भरणी अपूर्ण आहे, अशा काळात आघात वाढत राहिले तर नडगीच्या किंवा पावलाच्या हाडास सूक्ष्म तडा जाऊ शकतो. दम टिकला म्हणून पाय टिकतील, असे गृहीत धरता येत नाही.

याबाबत दोन अभ्यास उद्बोधक आहेत. आठवड्याचे अंतर १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा संकेत धावपटूंमध्ये रूढ आहे. नेदरलँड्समध्ये नवोदित धावपटूंवर झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मात्र हा संकेत पाळणाऱ्या व न पाळणाऱ्या गटांतील दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखे, म्हणजे सुमारे २० टक्के आढळले. पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवर आधारलेला दुसरा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एका वेळी धावलेले अंतर मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असल्यास अतिवापरजन्य दुखापतीचा धोका लक्षणीय वाढतो. ते दुपटीहून अधिक झाल्यास हा धोकाही दुपटीहून अधिक होतो. आठवड्यागणिक होणाऱ्या एकूण बदलाशी असा संबंध दिसला नाही. आठवड्याअखेरच्या व्यायामपटूसाठी याचा अर्थ सरळ आहे : महिनाभरातील सर्वांत लांब धाव सहा किलोमीटरची असेल, तर या रविवारी साडेसहाच्या पुढे जाऊ नये, दहाचा विचारही करू नये.

वाशीम जिल्ह्यातील मार्ग व ऋतुमान

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. अकोल्याच्या पूर्णा खोऱ्यातून पातूरचा घाट चढून मेडशी-मालेगावमार्गे वाशीमकडे येणारा रस्ता दीर्घ सरावासाठी अभ्यासनीय आहे. हे अंतर सुमारे ८० किलोमीटर असून जाऊन-येऊन १६० किलोमीटरची सफर होते. अकोल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २८० मीटर, तर वाशीमची सुमारे ५४० मीटर आहे.

या २६० मीटरच्या चढासाठी किती ऊर्जा लागते, हे गणिताने पाहता येते. सायकल व चालक यांचे एकत्रित वस्तुमान ८० किलोग्रॅम धरल्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य सुमारे २०४ किलोज्यूल होते. शरीराची यांत्रिक कार्यक्षमता एक-चतुर्थांश मानल्यास त्यासाठी सुमारे १९५ किलोकॅलरी, म्हणजे ढोबळमानाने दोन केळ्यांची ऊर्जा खर्ची पडते. वाटेतील लहान चढ-उतारांचा खर्च यात धरलेला नाही. तरीही घाट ऊर्जेच्या अभावाने अवघड होत नाही. ती ऊर्जा थोड्या वेळात खर्च करण्याच्या अट्टहासाने तो अवघड होतो, हे यावरून लक्षात येते. हलका गिअर निवडून श्रमाची पातळी कायम राखणे हाच त्यावरील उपाय होय.

हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ चा भाग असून त्यावर जड वाहनांची वर्दळ असते. पहाटे निघताना पुढील पांढरा व मागील लाल दिवा, परावर्तक पट्टी व शिरस्त्राण अनिवार्य मानावे. जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलींना प्रवेश नाही. वाशीमहून मंगरूळपीरमार्गे कारंजा किंवा मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही पर्यायी गंतव्ये आहेत.

ऋतुमानाचा विचार तितकाच आवश्यक आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील काळी माती रस्त्यावर येते. ती टायरखाली घसरते व ब्रेकमध्ये अडकते. सोयाबीनच्या सोंगणीनंतर रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घातलेले असते. तेथे सायकल हळू चालविणे हे सुरक्षिततेचे तसेच सौजन्याचे लक्षण आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा दीर्घ सफरींचा उत्तम काळ होय. उन्हाळ्यात मात्र सूर्योदयापूर्वी निघून ऊन तापण्याच्या आत परतावे.

उष्णता, पाणी व आहार

सायकलपटू तासाला ४०० किलोकॅलरी खर्च करीत असेल, तर त्यांपैकी सुमारे ३०० उष्णतेच्या रूपाने शरीरात उरतात. एक लिटर घामाचे बाष्पीभवन सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेते. म्हणजे निव्वळ या उष्णतेच्या निचऱ्यासाठी तासाला अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे साधारणतः ३५ अंश सेल्सिअसहून अधिक झाले की हवाच शरीराला तापवू लागते. विदर्भातील उन्हाळ्यात ही स्थिती सकाळीच येते. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून मार्च-एप्रिलमधील पहिल्या सफरी आखूड ठेवाव्यात. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच सफर थांबवून अंग थंड करावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

पाणी किती प्यावे, याचे उत्तर व्यक्तीनुसार बदलते. सफरीपूर्वी व नंतर वजन करून घट दोन टक्क्यांहून अधिक होत नाही ना, हे पाहावे. वजन वाढले असल्यास पाणी गरजेपेक्षा जास्त झाले, असे समजावे. केवळ पाण्याच्या अतिसेवनाने रक्तातील सोडियम घटून जिवास धोका संभवतो. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत हा दीर्घ सफरीसाठी सोयीचा व स्वस्त पर्याय आहे.

स्नायू व यकृतातील ग्लायकोजेनचा साठा सुमारे २,००० किलोकॅलरींचा असतो. दहा तासांच्या सफरीचा खर्च ४,००० पर्यंत जाऊ शकतो. उर्वरित गरज चरबी व वाटेतील आहार यांतून भागते. अडीच तासांपर्यंतच्या श्रमास तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. त्याहून दीर्घ श्रमात सवयीने ९० ग्रॅमपर्यंत जाता येते. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-पोळी हे पदार्थ खिशात मावतात. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच थोडे थोडे खात राहावे.

आठवड्याची मांडणी

उपरोक्त विवेचनावरून अध्यापकासारख्या नोकरदार सायकलपटूसाठी पुढील मांडणी सुचविता येईल.

१) मंगळवारी व गुरुवारी २० ते ३० मिनिटांची संथ धाव, आरंभी एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे. हाडांना मोठ्या आघाताऐवजी लहान व वारंवार आघात अधिक मानवतात.

२) बुधवारी सायकलवर ४५ मिनिटे, त्यात दोन-तीन मिनिटांचे चार-पाच वेगवान टप्पे.

३) आठवड्यातून दोनदा उठाबशा व टाचा उंचावण्याचे व्यायाम.

४) शनिवारी लांब धाव, मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावेहून जास्तीत जास्त १० टक्के अधिक.

५) रविवारी दीर्घ सायकल सफर, अंतर टप्प्याटप्प्याने वाढवून दर चौथ्या आठवड्यात कमी.

६) सोमवारी पूर्ण विश्रांती.

धावताना हाडावर बोटाने दाखविता येईल अशी नेमकी वेदना होत असल्यास धावणे त्वरित थांबवून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. चाळिशीनंतर प्रथमच दीर्घ सराव करू इच्छिणाऱ्यांनी, तसेच मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असलेल्यांनी वैद्यकीय तपासणी करूनच आरंभ करावा.

निष्कर्ष

हौशी सायकलपटूची मर्यादा बहुधा त्याच्या इच्छाशक्तीत नसते. शरीरातील सर्वांत मंद गतीने बळकट होणारा घटक त्याची मर्यादा ठरवितो. सायकलमुळे सक्षम झालेले हृदय अनभ्यस्त हाडांकडून अधिक काम करवून घेऊ पाहते, आणि आठवडाभर साचलेला उत्साह त्यास साथ देतो. ही विसंगती ओळखून सायकलीचे अंतर व धावण्याचे अंतर यांची स्वतंत्र वही ठेवणे हा साधा पण प्रभावी उपाय आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात खर्चिक व्यायामशाळेवाचूनही असा सराव शक्य आहे. रस्ता, पहाट व संयम एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे. त्यांपैकी पहिल्या दोन सहज उपलब्ध आहेत. तिसरी मात्र सरावानेच मिळवावी लागते.