पूर्वजांचें गांव कसें शोधावें?



हिंदी महासागरांत मॉरिशस नांवाचें एक लहानसें बेट आहे. इ. स. १८३४ पासून १९१० च्या सुमारापर्यंत तेथील उंसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें साडेचार लक्ष माणसें गेलीं. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत मराठी बोलणारे बरेच होते. त्यांचे वंशज तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांपैकीं एकादें कुटुंब विचारतें, "आमचें मूळ गांव कोणतें?" ह्या प्रश्नाचा शोध कसा करावा, व त्यांत आपला वांटा कोणता, हें आज सांगावयाचें आहे.

युरोपांत हें काम त्या मानानें सोपें आहे. जर्मन मुलखांत सोळाव्या शतकापासून पाद्री लोक बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवीत आले. इंग्लंडांत शिरगणतीचे घरोघरचे कागद शंभर वर्षांनीं लोकांस पाहावयास मिळतात. १९२१ चे कागद २०२२ सालीं खुले झाले. आपल्याकडे पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली आणि सर्वत्र एकाच वेळीं घेतलेली पहिली १८८१ सालीं झाली. परंतु आंकडे एकत्र केल्यावर घरोघरचे तक्ते जपून ठेवण्याची चाल पडली नाहीं. तेव्हां आपली वाट निराळी.

आरंभ मॉरिशसकडून करावा. पोर्ट लुई बंदरीं उतरणाऱ्या प्रत्येक मजुरास एक क्रमांक मिळे. त्या क्रमांकापुढें त्याचें नांव, बापाचें नांव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, जहाज, जिल्हा आणि गांव अशी नोंद होई. आरंभींच्या नोंदींत गांवाचा रकाना कित्येकदां रिकामा असतो. उलट १८६० नंतरच्या दशकांपासून छायाचित्रेंहि मिळूं लागतात. हें दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहे. घरांतील जुन्या विवाहाच्या व जन्माच्या दाखल्यांवर हा क्रमांक पुष्कळदां सांपडतो. तो आधीं हुडकावा. केवळ नांवावर विसंबूं नये. नोंद करणारा कारकून परभाषी. तो कानांस जसें पडे तसें लिही. रोमन लिपींत 'राणू' व 'रानू', 'काळू' व 'कालू' हीं एकच होतात. शिवाय आडनांव बहुधा नसेच. आलेल्या माणसाचें स्वतःचें नांवच पुढें वंशजांचें आडनांव होऊन बसलें.

आतां समजा, गांवाच्या रकान्यांत 'मलकापूर' असें आहे. कऱ्हाडजवळचें आमचें मलकापूर एक. कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यांतलें दुसरें. वऱ्हाडांत बुलढाण्याकडचें तिसरें. निवाडा जिल्ह्याच्या रकान्यावरून होईल. तेथेंहि सावध असावें. सातारचें राज्य १८४८ सालीं खालसा झाल्यावर जो सातारा जिल्हा बनला, तो आजच्याहून मोठा होता. वाळवें तालुका त्यांतच होता. १९४९ सालीं दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. म्हणून जुन्या 'सातारा जिल्ह्यांतलें' गांव आज सांगलींतहि असूं शकेल.

गांव ठरल्यावर तेथील दप्तर पाहावें. जुने महसुली कागद मोडींत आहेत, व त्यांत 'राणू बिन बापू' अशा रीतीनें बापलेकांचीं नांवें मिळतात. परंतु तीं खातेदारांचीं. ज्याला जमीन नव्हती त्याचें, आणि बहुतेक स्त्रियांचें, नांव त्यांत येत नाहीं. आणि मजुरीसाठीं समुद्र ओलांडणाऱ्यांत भूमिहीन थोडे नव्हते. अशा वेळीं नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. यात्रेस गेलेल्या माणसानें त्यांत आपल्या वाडवडिलांचीं, भावांचीं व मुलांचीं नांवें गांवासकट सांगितलेलीं असतात; मागें राहिलेल्या भावाच्या नोंदींत गेलेल्या भावाचें नांव निघण्याचा संभव असतो. आमच्या भागांत बैलावर बसून येणारे हेळवीहि कुळाची वंशावळ सांगतात.

एक नांव जुळलें म्हणजे शोध संपला असें समजूं नये. राणू प्रत्येक गांवांत दोन-चार असत. बापाचें नांव, गांव आणि वयावरून निघणारा काळ हीं तिन्हीं जुळलीं, तरच विश्वास ठेवावा. नाहीं तर परक्याच्या अंगणांत जाऊन त्यालाच आजोबा म्हणण्याची पाळी यावयाची.

आतां आपला वांटा. १९५० च्या सुमारास मोडी व्यवहारांतून गेली. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां ती वाचणारे किती थोडे उरले आहेत हें सर्वांस कळलें. आपल्या माळ्यावरील पेटींत आजोबांचे मोडी कागद असतील, तर ते रद्दींत घालूं नका. कोरड्या जागीं ठेवा, जाणत्याकडून वाचून घ्या, व घरांतील एका तरी मुलास ती लिपि शिकवा. त्या कागदांतील एकादा 'बिन' समुद्रापलीकडच्या कुटुंबास त्याचें घर दाखवूं शकेल.